१७ फुटी ट्रेलरमध्ये सहा महिने राहणार असाल तर या चुका टाळा

अमेरिकेतल्या मराठी मंडळींमध्ये मुलं कॉलेजला गेली, नोकरी आटोपत आली, की ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर, घेऊन हिंडायचा विचार हल्ली बऱ्याच घरांत चालू होतो. आम्ही दोघं तीन हिवाळे ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोत एका १७ फुटी ट्रेलरमध्ये राहिलो, म्हणून लोक आम्हाला विचारतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो: एवढ्याशा जागेत दोघं मावता कसे?

जागेची सवय पंधरा दिवसांत होते. दहा बाय बाराच्या खोलीत सहा जणांत वाढलेल्या माणसाला तर ती करावीही लागत नाही. त्रास देतं ते पाणी. काचेवर साठणारं, गादीखाली मुरणारं, टाकीत तुंबणारं, ऐन आंघोळीत संपणारं. आमच्या हातून ज्या मोठ्या चुका झाल्या त्यांतल्या बहुतेक पाण्याच्याच होत्या, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

थंडी आहे म्हणून सगळं घट्ट बंद करून झोपणं

पहिल्या वर्षी नोव्हेंबरात आम्ही फ्लॅगस्टाफजवळ होतो. गाव सुमारे ७,००० फुटांवर, रात्री पारा शून्याखाली. खिडक्या लावल्या, छताचा झरोका बंद केला, आतच कुकर लावून खिचडी केली आणि झोपलो. सकाळी काचांवरून पाण्याचे ओघळ वाहत होते. पुसून टाकले. असं तीन आठवडे चाललं. मग एकदा चादर बदलताना गादी उचलली, तर खालच्या प्लायवूडवर काळी बुरशी पसरलेली. नवऱ्याला रोज सकाळी खोकला का येतो याचं उत्तर तिथे मिळालं.

हे पाणी येतं कुठून? दोन माणसं रात्रभर झोपली तरी श्वासातून आणि कातडीतून साधारण अर्धा लिटर वाफ बाहेर टाकतात. त्यात गॅसची भर. एक किलो प्रोपेन जळलं की सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं, आणि शेगडीची ज्योत उघडी असल्यामुळे ते सगळं आतच राहतं. वर कुकरच्या शिट्ट्या. मोठ्या घरात ही वाफ कुठेतरी विरून जाते. ट्रेलरमध्ये ती सगळ्यात गार जागा शोधते: काच, ॲल्युमिनियमची चौकट, कपाटाचा मागचा कोपरा, गादीचा तळ.

उपाय पहिल्यांदा ऐकताना पटत नाही. थंडीतही छताचा झरोका दोन बोटं उघडा ठेवायचा आणि विरुद्ध टोकाची एक खिडकी थोडीशी. थोडा गॅस जास्त जातो, पण ओल साठत नाही आणि झोप चांगली लागते. स्वयंपाक करताना पंखा हवा बाहेर फेकणाऱ्या दिशेने लावा आणि शेगडी बंद केल्यावरही दहा मिनिटं चालू ठेवा. गादीखाली हवा खेळेल अशी जाळी किंवा लाकडी पट्ट्या हव्यातच. आणि दहा-पंधरा डॉलरचा आर्द्रता मोजणारा काटा घ्या. तो ४० ते ५० टक्क्यांवर राहिला पाहिजे. ६० च्या वर सतत गेला, तर बुरशी कुठेतरी धरतेच आहे असं समजा.

ओल शोषणाऱ्या दाण्यांचे डबे बंद कपाटात ठेवायला ठीक, दोन माणसांच्या वाफेला ते पुरत नाहीत. ओल काढणारी, हातात मावणारी छोटी विजेची यंत्रंही दिवसाकाठी पेलाभर पाणी काढतात, फार तर. वीजजोडणी असलेल्या जागी महिना काढणार असाल तर कॉम्प्रेसरवालं यंत्र घ्या, जागा अडली तरी. थंडी अडवायला खिडक्यांना आतून चंदेरी पत्रा लावत असाल तर रोज सकाळी तो काढून काच पुसा, कारण त्याच्यामागची काच जास्तच गार पडते आणि पाणी दिसेनासं साठतं.

एक गोष्ट मात्र जिवाशी खेळणारी आहे. शेगडी पेटवून ट्रेलर उबदार करू नका. ट्रेलरच्या भट्टीचा धूर आणि वाफ तिच्या स्वतःच्या नळीतून बाहेर जातात. शेगडीचं सगळं आतच राहतं, ऑक्सिजन कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठू शकतो. त्याला वास नसतो.

रोजची फोडणी आतच

याबद्दल आपल्याच लोकांना सांगावं लागतं, कारण बाकीच्यांच्या स्वयंपाकात मोहरी तडतडत नाही. तेलाची वाफ छताच्या कापडावर आणि पंख्याच्या जाळीवर बसते, त्यावर धूळ, आणि दोन महिन्यांत उशा-पडद्यांना हिंगाचा शिळा वास लागतो. छोटी शेगडी बाहेर टेबलावर मांडा आणि फोडणी, कुकर, तळण सगळं तिथेच करा. कुकर मात्र सोडू नका. ७,००० फुटांवर पाणी साधारण ९३ अंशांना उकळतं आणि उघड्या भांड्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही.

जमिनीलगत बसवलेला, गॅस गळला की वाजणारा भोंगा कधी केसांच्या फवाऱ्यानेही वाजतो. वैतागून त्याचा फ्यूज काढू नका. प्रोपेन हवेपेक्षा जड असतं, गळती झाली तर ते खालीच साठतं, म्हणून तो भोंगा तिथे असतो. त्याच्या मागे मुदतीची तारीख छापलेली असते. वापरलेला ट्रेलर घेतलात तर ती पहिल्याच दिवशी बघा.

काळ्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडा ठेवणं

संडासाची ती काळी टाकी, मोरी आणि आंघोळीची ती करडी. सांडपाण्याची जोडणी असलेल्या जागी नवखी माणसं दोन्ही व्हॉल्व्ह उघडे ठेवतात, म्हणजे आपोआप वाहून जाईल. पाणी वाहून जातं, घट्ट भाग मागे राहतो आणि सुकून टाकीत त्याचा ढीग बसतो. काळा व्हॉल्व्ह बंदच ठेवा, टाकी दोन-तृतीयांश भरली की एकदम सोडा. आधी काळी, मग करडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुतली जाते. रिकामी झाल्यावर आठ-दहा लिटर पाणी परत टाकून ठेवा.

आपल्या सवयीचा इथे फायदा आहे. कागदापेक्षा पाणी वापरणाऱ्यांची टाकी तुंबत नाही. मात्र छोट्या ट्रेलरची काळी टाकी लवकर भरते, तेव्हा सेन्सरच्या दिव्यांवर विसंबू नका. आतल्या भिंतीला काही चिकटलं की ते रिकाम्या टाकीलाही भरलेली दाखवतात. आम्ही दिवस मोजतो.

तुंबलीच तर काठ्या खुपसू नका, ब्लीचही ओतू नका. ब्लीचने व्हॉल्व्हचं रबर खराब होतं. टाकी अर्ध्याच्या वर पाण्याने भरा, रात्रभर राहू द्या, सकाळी ट्रेलर पंधरा-वीस मैल फिरवून आणा आणि मग सोडा. आमचं काम दुसऱ्या खेपेला झालं.

वास येत असेल तर दोष बहुतेकदा काळ्या टाकीला दिला जातो. प्रत्यक्षात करड्या टाकीत गेलेली डाळ आणि तूप जास्त कुजतं. ताटं कागदाने पुसून मगच धुवा, मोरीला बारीक जाळी लावा. आणखी एक कारण लक्षात येत नाही: न्हाणीघराचा पंखा चालू ठेवून फ्लश केलं की पंखा टाकीतली हवा वर ओढतो. आधी पंखा बंद करा. तरीही वास राहिला तर मोरीखालच्या नळीवरची हवेची छोटी झडप बदलून बघा, हाताने फिरवून निघते.

करडं पाणी जमिनीवर सोडायला बहुतेक सरकारी जागांवर बंदी आहे. वाळवंटाला तेवढंच पाणी, असा विचार करणारे भेटतात. त्यांच्या मागून त्या जागेवर आलेल्याला माश्या आणि दुर्गंधी मिळते.

शॉवर

छोट्या ट्रेलरचा गीझर बहुधा सहा गॅलनचा, म्हणजे जेमतेम २३ लिटरचा. शॉवरखाली उभे राहिलात तर पहिल्याचं डोकं धुऊन होईपर्यंत दुसऱ्याला गार पाणी. आम्ही बादली आणि तांब्या आणला. आठ लिटरमध्ये व्यवस्थित आंघोळ होते, हे लहानपणापासून माहीत असूनही आम्हाला सुचायला महिना लागला.

तांदळाची पोती मागच्या कपाटात

दाराजवळ एक स्टिकर असतो, त्यावर आत किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. छोट्या ट्रेलरला हा आकडा फसवा वाटावा इतका कमी असतो. त्यात पाण्याचं वजन मोजायचं राहून जातं: ३० गॅलन म्हणजे ११३ किलो. तांदूळ, कणीक, डाळी, पुस्तकं मागच्या टोकाला भरली की ट्रेलर गाडीला जोडणारी पुढची कडी हलकी होते आणि हायवेवर ट्रेलर शेपटासारखा झुलू लागतो. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार कडीवर यायला हवा. ट्रकस्टॉपवर वजनकाटे असतात, सामान भरून एकदा जाऊन या. टायरवर छापलेल्या शेवटच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं. नक्षी कोरी दिसली तरी पाच-सहा वर्षं झालेला टायर बदला.

वीज

३० अँपिअरची जोडणी म्हणजे १२० व्होल्टवर ३,६०० वॉट. इंडक्शन शेगडी १,८००, एसी साधारण १,५००, गीझरची विजेची कांडी १,४००. तिन्ही एकत्र लावली की खटका पडणारच. तो पडतो हे चांगलंच आहे. मित्राच्या अंगणात मुक्काम असताना घरातल्या १५ अँपिअरच्या पॉइंटवरून बारीक एक्स्टेंशनने हीटर चालवणं याहून वाईट. वायरला हात लावून बघा. गरम लागली तर तेव्हाच बंद करा.

वीजजोडणी नसेल तर साधी १०० अँपिअर-तासाची लेड बॅटरी अर्धीच वापरायची असते. रात्रभर भट्टीचा पंखा चालला की पहाटे दिवे मंद होतात. लिथियम बॅटरी जवळजवळ पूर्ण वापरता येते, पण ती शून्य अंशाखाली चार्ज करू नये, म्हणून थंडीत ती आत ठेवायची सोय आधी बघा.

शून्याखालच्या रात्रींची आणखी एक काळजी: पिण्याच्या पाण्याची बाहेरची नळी संध्याकाळी काढून रिकामी करा. गोठलेली नळी सकाळी उन्हात दोन तास पडून राहते आणि तोवर चहा नाही.

मुक्कामाचे नियम न वाचता जाणं

पश्चिमेकडच्या बीएलएमच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या जमीन सांभाळणाऱ्या खात्याच्या, बहुतेक मोकळ्या जमिनींवर २८ दिवसांच्या काळात १४ दिवसच राहता येतं. लांबच्या मुक्कामासाठी ॲरिझोनात क्वार्टझसाइटजवळ ला पोसासारखी वेगळी क्षेत्रं आहेत. तिथला हंगाम १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल, आणि परवाना काढावा लागतो. तिथे पाणी भरायची आणि टाक्या सोडायची सोय आहे, म्हणून पहिल्या हिवाळ्याला ती जागा बरी.

वयाची ६२ वर्षं झालेल्या नागरिकांना आणि ग्रीनकार्डधारकांना राष्ट्रीय उद्यानांचा ज्येष्ठांचा पास मिळतो आणि अनेक सरकारी कॅम्पग्राउंडवर निम्मं भाडं पडतं. घर विकून किंवा भाड्याने देऊन निघणाऱ्या ग्रीनकार्डधारकांनी पत्ता बदलल्यावर दहा दिवसांत एआर-११ हा इमिग्रेशन खात्याला नवा पत्ता कळवायचा फॉर्म भरायचा असतो. निघायच्या गडबडीत हे नेमकं विसरलं जातं.

दोघांनी एकाच वेळी उभं राहणं

आतली मोकळी पट्टी दोन फुटांची. एक उभा असेल तर दुसऱ्याने बसायचं, हा नियम आम्ही दुसऱ्या आठवड्यात केला आणि भांडणं निम्म्यावर आली. पावसाच्या दिवसासाठी छत्रीखाली बसता येईल अशी बाहेरची जागा असू द्या, आणि आठवड्यातून एक दुपार दोघांनी वेगवेगळी घालवा. गावच्या वाचनालयात मला तीन तास कोणी उठवत नाही.

सकाळचं आमचं असं ठरलंय: आधी उठेल त्याने आर्द्रतेच्या काट्यावरचा आकडा बघायचा, काचा पुसायच्या, झरोका पूर्ण उघडायचा आणि बाहेरच्या शेगडीवर चहा टाकायचा. दुसऱ्याने आलं ठेचायचा आवाज ऐकू येईपर्यंत पांघरुणातून उठायचं नाही, कारण दाराशी एकाच्याच चपला मावतात.