इंग्रजीतल्या पुटच्या पुढे ऑफ, आऊट, अप लागलं की अर्थ कसा लावायचा

पुट म्हणजे ठेवणे हे शाळेतच पाठ होऊन जातं, पण पुढे ऑफ, आऊट, अप असं काही चिकटलं की ते ठेवणे कुठल्या कुठे जातं आणि डिक्शनरी घेऊन बसलेला माणूस तिथेच अडकतो. आपल्याकडे नाही का भो, धुळ्याच्या स्टँडवर बस लागली आणि कन्नडच्या घाटात पोराला बस लागली, कोणी गोंधळतं का? इथंही तेच करायचं. पुटच्या पुढचा छोटा शब्द धरायचा आणि बोलणं कशाबद्दल चाललंय ते बघायचं.

पुट ऑफच घ्या. तारीख, मीटिंग, लग्न असं काही असेल तर पुढे ढकलणं. दे पुट ऑफ द वेडिंग म्हणजे लग्न पुढे गेलं, मोडलं नाही, मोडलं असेल तर कॉल्ड ऑफ, हे नीट बघा नाहीतर भाऊबंदकीत भलताच निरोप जायचा. आणि भूतकाळातही पुटच बरं का, पुटेड असं काही नसतं. पण ढकलायला तारीख नाही, माणूस असला तर? द स्मेल पुट मी ऑफ, म्हणजे त्या वासानं मनच उडालं.

पुट आऊट म्हणजे विझवणं. जिनिंगमध्ये कापसाच्या गंजीला आग लागली, बंबवाल्यांनी विझवली, दे पुट आऊट द फायर. पुट थ्रू फोनवर, म्हणजे लाईन जोडून देणं.

पुट ऑन म्हणजे कपडे, चपला, चष्मा घालणं. वजनालाही तेच, थंडीत शेताशेतात भरीत पार्ट्या झोडल्या की यू पुट ऑन वेट. आता ऑनच्या उलट ऑफ म्हणून शर्ट काढायला पुट ऑफ म्हणाल तर फसलात, तिथं टेक ऑफ.

पुट अप म्हणजे पोस्टर लावणं, पाहुण्याला मुक्कामाला ठेवून घेणं. त्यालाच विथ जोडलं की सहन करणं. मे महिन्यात भुसावळचा पारा 45 च्या घरात गेला तरी आपण काय करतो, वी पुट अप विथ द हीट.

एक गोष्ट मात्र घोटून घ्या, कारण बोलताना सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. मीटिंगसारखं नाम असेल तर पुट ऑफ द मीटिंग किंवा पुट द मीटिंग ऑफ, दोन्ही चालतं. पण इट, देम, हिम आलं की ते मधेच बसतं: पुट इट ऑफ, पुट इट आऊट, पुट इट ऑन. पुट ऑफ इट अजिबात नाही. आणि पुट अप विथ तीन शब्दांचं असल्यानं फोडायचंच नाही, इट आलं तरी शेवटीच, पुट अप विथ इट.