विंडोज ११: युजर अकाउंट काढण्याआधी फाइल्स वाचवा

सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स. तिथे नको असलेल्या नावावर क्लिक करून ‘रिमूव्ह’ दाबायचं, एवढंच काम. मात्र तुमचं अकाउंट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर हवं आणि काढायचं अकाउंट आधी साइन आउट केलेलं असावं. पुढे ‘डिलीट अकाउंट अँड डेटा’ दाबलंत की त्या व्यक्तीचे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स सगळे जातात, आणि ते रिसायकल बिनमध्येही सापडत नाहीत. म्हणून आधी सी ड्राइव्हच्या युजर्समधलं तिचं फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी कराच. कंट्रोल पॅनलमधून अकाउंट काढताना ‘कीप फाइल्स’चा पर्याय मिळतो खरा, पण त्यात डाउनलोड्स वाचत नाही; नेमकी बँकेची स्टेटमेंट्स तिथेच पडलेली असतात. मायक्रोसॉफ्टचं ऑनलाइन अकाउंट आणि वनड्राइव्हवर चढलेल्या फाइल्स मात्र शाबूत राहतात.