साठच्या दशकातल्या लंडनचा जाड, मोठा चष्मा कसा निवडावा

१९४८ साली ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि साधा सरकारी चष्मा घरोघरी पोचला. साठच्या दशकात लंडनच्या ऑलिव्हर गोल्डस्मिथसारख्या पेढीने चष्मा लपवायचं सोडून तो मिरवायला लावला. ब्रिटिश नट मायकेल केनची जाड काळी फ्रेम आठवा.

तशी फ्रेम घेताना आधी काडीच्या आतले आकडे वाचा. ५६-२० म्हणजे काच ५६ मिमी, नाकावरचा पूल २०, बेरीज ७६. तुमच्या डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर ६२ असेल, तर प्रत्येक काचेचा केंद्रबिंदू ७ मिमी आत सरकवावा लागतो. उणे नंबरात मग कानाकडची कड जाड होते. म्हणून उणे चारच्या पुढे १.६७ अपवर्तनांकाची, म्हणजे त्याच नंबरात पातळ बसणारी काच घ्या, आणि भिंगाची रुंदी शक्यतो ५२ च्या आत ठेवा. भुवया फ्रेमच्या वरच्या कडेला लागून दिसाव्यात. त्या पूर्ण झाकल्या की चेहरा निर्जीव दिसतो.

जुनी फ्रेम असेल तर अंगठ्याने जोरात चोळून वास घ्या. कापरासारखा आला तर ती सेल्युलोज नायट्रेट या जुन्या प्लास्टिकची, भडकन पेटणारी: तिला उष्णता अजिबात लावू नका. ॲसिटेट या दुसऱ्या प्लास्टिकची काडी मात्र गरम करूनच वाकवायची. काचा आधी काढा, नाहीतर त्यांवरचा थर तडकतो. गार काडी वाकवली की बिजागरीपाशी पांढरी रेघ उमटते आणि तिथूनच ती तुटते.