गजकर्ण ओळखावे कसे आणि पुरते बरे करावे कसे

अंगावर खाजणारा गोल चट्टा उठला, तर तो कशाचा आहे हे ठरेपर्यंत त्यावर घरात पडलेले कोणतेही मलम लावू नये. गजकर्णाच्या बाबतीत पुढचा बराचसा त्रास याच घाईतून ओढवतो.

गजकर्ण, म्हणजेच नायटा, हा बुरशीचा संसर्ग आहे. ही बुरशी त्वचेच्या वरच्या थरातील केराटिन या प्रथिनावर जगते आणि बाहेरच्या दिशेने पसरत जाते. म्हणून चट्ट्याची कड लालसर, किंचित उंचावलेली आणि कोंडा धरलेली दिसते, तर मधला भाग निवळत आलेला असतो. चट्टा चांगल्या उजेडात पाहावा आणि कडेवरून बोट फिरवावे. इसब किंवा सोरायसिसचे चट्टेही गोल असू शकतात, पण त्यांच्यात कोंडा बहुधा कडेपुरता न राहता सबंध चट्ट्यावर असतो. चट्टा खाजत नसेल आणि तिथे स्पर्श कमी जाणवत असेल, तर कुष्ठरोगाची शक्यता तपासण्यासाठी विलंब न करता डॉक्टरांकडे जावे.

शंका उरल्यास डॉक्टर त्वचेची खरवड तपासतात. पात्याने चट्ट्याच्या कडेवरचा कोंडा काचपट्टीवर घेतात आणि त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. त्याने केराटिन विरघळते आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे फांद्या फुटलेले तंतू दिसतात. यात टाका नाही, भूल नाही, आणि सहसा दुखतही नाही. मात्र तपासणीआधी बुरशीनाशक लावलेले असल्यास तंतू सापडण्याची शक्यता कमी होते.

स्टिरॉइड असलेल्या मलमाने खाज आणि लाली दोन-तीन दिवसांत ओसरते, रुग्णाला हायसे वाटते, आणि त्याच काळात त्वचेची प्रतिकारशक्ती दबल्यामुळे बुरशी आतल्या आत फोफावत राहते. पुढे चट्ट्याचे रूप इतके बदलते की अनुभवी डॉक्टरांनाही तो चटकन ओळखता येत नाही. म्हणून ट्यूबवरील घटक वाचावेत. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन हे नाव दिसल्यास ते मलम गजकर्णावर स्वतःहून वापरू नये. ते आधीच बरेच दिवस लावले असेल, तर कसे थांबवायचे हे डॉक्टरांना विचारावे.

क्लोट्रिमाझोल किंवा टर्बिनाफिनसारखे बुरशीनाशक स्वच्छ, पूर्ण कोरड्या त्वचेवर, चट्ट्याच्या कडेबाहेर सुमारे 2 सेंटिमीटरपर्यंत लावावे. खाज थांबताच औषध सोडणे ही सर्वांत नेहमीची चूक; सांगितलेली मुदत पुरी करावीच. टॉवेल आणि अंतर्वस्त्रे वेगळी ठेवावीत, गरम पाण्यात धुवावीत, आणि घरात आणखी कोणाला खाज असल्यास त्यांच्यावरही एकाच वेळी उपचार व्हावेत.

डोक्यातील आणि नखांतील बहुतेक संसर्गाला नुसते मलम पुरत नाही, पोटातून गोळ्या घ्याव्या लागतात. यकृताचा आजार, गर्भधारणा किंवा चालू असलेली इतर औषधे यांची माहिती त्या सुरू करण्यापूर्वीच डॉक्टरांना द्यावी.