इन्सर्टचा कॉर्नर बदलताना पैसे कुठे गळतात? या चुका टाळा

टूल बदलाचा खर्च म्हटला की सगळ्यांचं बोट इन्सर्टच्या, म्हणजे टूलवर बसवायच्या कापणाऱ्या तुकड्याच्या, बिलावर. हिशेब तिथेच फसतो.

सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) लेथवरचा रोजचा सीएनएमजी प्रकारचा इन्सर्ट घ्या. समजा किंमत 320 रुपये, कॉर्नर (वापरायचे कापणारे कोपरे) चार, म्हणजे कॉर्नरला 80. बदलायला सहा मिनिटं आणि मशीनचा दर तासाला 600, म्हणजे आणखी 60. बदलानंतरचा पहिला जॉब (कापलेला भाग) रिजेक्ट झाला तर मटेरियल धरून 90. झाले 230. सप्लायरशी घासाघीस करून 10 टक्के कमी केले तर वाचतात आठ रुपये. पहिला जॉब वाचवला तर नव्वद!

तो जातो कशाने? बहुतेक वेळा जुन्या वेअर ऑफसेटने, म्हणजे झीज भरून काढायला मशीनमध्ये भरलेल्या आकड्याने. धार झिजते तसा बाहेरचा व्यास वाढतो, म्हणून ऑपरेटर एक्समध्ये (व्यासाच्या दिशेला) उणे 0.01, उणे 0.02 मिमी भरत जातो. नव्या कॉर्नरला तेच उणे आकडे राहिले की जॉब अंडरसाइज. आमच्याकडे रात्रपाळीत सलग तीन शाफ्ट असे भंगारात गेले आणि आम्ही आठवडाभर इन्सर्टच्या बॅचला शिव्या घालत बसलो. वेअर आधी मूळ आकड्यावर आणा, एक्समध्ये 0.2 जास्त ठेवून कापा, मोजा, मग उरलेलं काढा. बोअरला (आतल्या छिद्राला) चिन्ह उलटं, हे विसरू नका.

वेळ मोजताना स्क्रू सोडण्यापासून आवळण्यापर्यंतच मोजतात. घड्याळ शेवटच्या चांगल्या जॉबपासून पुढच्या चांगल्या जॉबपर्यंत चालू द्या. हरवलेला पाना शोधणंही त्यातच येतं.

धार सारखी तुटतेय? इन्सर्टचा ग्रेड (मटेरियलचा प्रकार) बदलण्याआधी तो बसतो ती सीट पुसा. खाली अडकलेली बारीक चिप किंवा तडकलेली शिम (इन्सर्टखालची चकती) पुरेशी असते.

‘स्पीड वाढवा, प्रॉडक्शन वाढेल’ हा सल्लाही तपासून घ्या. स्पीड आणि धारेचं आयुष्य जोडणाऱ्या टेलरच्या सूत्रात कार्बाइडसाठी (इन्सर्टचं कठीण मटेरियल) घातांक 0.25 धरला, तर स्पीड 20 टक्के वाढवल्यावर धारेचं आयुष्य निम्म्याखाली येतं. प्रत्येक जॉबला वेळही कमी लागतो, म्हणून कॉर्नरला 100 जॉब निघत होते, तिथे 58 निघतील. 30 सेकंदांच्या कटिंगमध्ये पाच सेकंद, म्हणजे 83 पैसे वाचतात. बदलाचा खर्च मात्र जॉबमागे 2.30 वरून 3.97 वर जातो.

आणि वापरलेल्या इन्सर्टचा डबा किलोवर विकण्याआधी टेबलावर ओता. आमच्या डब्यात दोन-दोन कोरे कॉर्नर शिल्लक असलेले इन्सर्ट निघाले होते. तेव्हापासून वापरलेल्या कॉर्नरवर मार्करचा ठिपका असल्याशिवाय नवा इन्सर्ट देत नाही.