बेरियम टायटॅनेटची दाट पेलेट: भट्टीच्या आधीचं काम

बेरियम टायटॅनेट हे कपॅसिटरमध्ये वापरलं जाणारं सिरॅमिक. त्याची पेलेट, म्हणजे पावडर दाबून भट्टीत पक्की केलेली चकती, ८५ टक्के घनतेवर (एकही छिद्र नसताना असेल त्या सैद्धांतिक घनतेच्या) अडकली की पहिला हात भट्टीच्या तापमानाकडे जातो. १३०० चे १३५० होतात, मग १४००. पण बहुतेक वेळा दोष पावडर तोलताना, मिसळताना किंवा दाबताना शिरलेला असतो आणि भट्टीत तो फक्त दिसू लागतो. म्हणून इथे भट्टीच्या आधीच्या कामांवरच जास्त भर आहे. साधनं एमएस्सी-पीएचडीच्या प्रयोगशाळेत असतात तेवढीच लागतात: चार दशांशांचा वजनकाटा, बॉल मिल (गोळ्यांसह फिरवून पावडर दळणारं यंत्र), हायड्रॉलिक प्रेस आणि १४०० °से. पर्यंत जाणारी मफल भट्टी.

तोलणं

०.१ मोलसाठी बेरियम कार्बोनेट १९.७३४ ग्रॅम आणि टायटॅनियम डायऑक्साइड ७.९८७ ग्रॅम घ्या. दोन्ही पावडरी आधी २०० °से. ला रात्रभर सुकवा, डेसिकेटरमध्ये थंड करा आणि मगच तोला. बाटलीवर लिहिलेली शुद्धता हिशेबात धरा. कार्बोनेट ९९ टक्के शुद्ध असेल तर १९.७३४ ला ०.९९ ने भागून १९.९३३ ग्रॅम घ्यावं लागतं. हा भागाकार अनेक जण सोडून देतात आणि मिश्रणात टायटॅनियम एक टक्का जास्त होतं.

एक टक्का किरकोळ नाही. टायटॅनियम जास्त असेल तर साधारण १३२० ते १३३० °से. पासून कणांच्या मधे द्रव तयार होतो, मोजके कण बेसुमार वाढतात आणि छिद्रं त्यांच्या पोटात कायमची अडकतात. बेरियम जास्त झालं तर बेरियम ऑर्थोटायटॅनेट हे जास्त बेरियमचं वेगळं संयुग उरतं. ते घनता वाढू देत नाही, शिवाय हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे भट्टीतून चांगली निघालेली पेलेटही काही दिवसांत चिरू शकते. दोन्हींत बेरियमचा अतिरेक जास्त वाईट. तोलण्यात शंका असेल तर किंचित टायटॅनियमच्या बाजूला राहा.

बेरियम कार्बोनेट विषारी आहे. पाण्यात ते फारसं विरघळत नाही, पण जठरातल्या आम्लात विरघळतं. मास्क आणि हातमोजे घालूनच तोला.

मिसळणं आणि भाजणं

५ मिमीचे झिर्कोनियाचे गोळे पावडरीच्या वजनाच्या ५ ते १० पट घ्या. पातळ कढीइतपत राहील एवढं आयसोप्रोपॅनॉल घाला आणि १२ ते २४ तास फिरवा. मिश्रण ताटलीत ओतून तसंच ठेवून दिलं तर दोन्ही पावडरी वेगवेगळ्या वेगाने तळाशी बसतात आणि केलेली मेहनत वाया जाते. फ्यूम हूडमध्ये, उघड्या ज्योतीपासून लांब, सतत ढवळत सुकवा.

सुकलेली पावडर अ‍ॅल्युमिनाच्या मुशीत सैलसर भरा. दाबून भरली तर आतला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडायला वाट उरत नाही. झाकण किंचित तिरकं ठेवून ११०० °से. ला ४ तास भाजा. पावडर भाजण्याआधी आणि नंतर मुशीसकट तोला. कार्बन डायऑक्साइड गेल्यामुळे २७.७२ ग्रॅमचे २३.३२ ग्रॅम व्हायला हवेत, म्हणजे घट १५.९ टक्के. घट १५ टक्क्यांच्या खाली असेल तर कार्बोनेट शिल्लक आहे. १६ च्या बरीच वर गेली तर पावडरीत ओल किंवा अल्कोहोल राहिलं होतं. एक्सआरडीची (क्ष-किरणांनी पावडरीतली संयुगं ओळखण्याच्या चाचणीची) पाळी येण्याची वाट न पाहता मिळणारी ही सर्वांत स्वस्त चाचणी आहे. तांब्याच्या के-अल्फा किरणांचा एक्सआरडी आलेख हाती आला की दोन जागा बघा: २४ अंशांजवळचं शिखर उरलेल्या कार्बोनेटचं, २८ ते २९ अंशांमधलं ऑर्थोटायटॅनेटचं. दोन्हींपैकी एकही दिसलं तर पावडर पुन्हा दळा आणि पुन्हा भाजा.

भाजण्याचं तापमान १२५० पर्यंत नेण्याचा मोह टाळा. अभिक्रिया पूर्ण होते, पण पावडरीचे कडक गठ्ठे बनतात आणि ते पुढे फुटत नाहीत. भाजल्यानंतरचं दळणही अल्कोहोलमध्येच करा. पाण्यात बराच वेळ दळलं तर कणांच्या पृष्ठभागावरचं बेरियम पाण्यात उतरतं आणि काळजीपूर्वक तोललेलं प्रमाण बिघडतं.

दाबणं

१० ग्रॅम पावडरीत ५ टक्क्यांचं पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) द्रावण ३ ग्रॅम मिसळा, म्हणजे बाइंडर, कण धरून ठेवणारा चिकट पदार्थ, दीड टक्का पडतो. (यातलं पाणी थोडं असतं आणि लगेच सुकतं, म्हणून चालतं.) अर्धवट सुकल्यावर १०० मेशच्या चाळणीतून काढा. रवाळ पावडर डायमध्ये (दाबण्याच्या साच्यात) सारखी पसरते.

बहुतेक हाती प्रेसवरचा काटा टन दाखवतो आणि घोटाळा तिथेच होतो. १० मिमीच्या डायला १५० मेगापास्कल दाब हवा असेल तर सव्वा टनही लागत नाही. ५ टन दिले की दाब ६०० मेगापास्कलच्या पुढे जातो. पेलेट बाहेर ढकलताना ती उसळून फुगते, आत कोंडलेली हवा सुटते आणि वरचा थर टोपीसारखा निघतो किंवा कडेला आडव्या भेगा दिसतात. अशी पेलेट कितीही तापवली तरी ती भेग भरत नाही. डायच्या भिंतीला स्टिअरिक आम्लाचा पातळ हात द्या, दाब एक-दोन मिनिटं धरा आणि सावकाश सोडा.

अर्धा ग्रॅम पावडरीची कच्ची पेलेट जवळपास २ मिमी जाड होते. व्हर्नियरने मापून घनता काढा: ३.३ ग्रॅम/घसेमी, म्हणजे सैद्धांतिक ६.०२ च्या ५५ टक्के आली तर पुढे चला. ५० च्या खाली असेल तर भट्टी लावू नका. पावडरीत गठ्ठे आहेत, पुन्हा दळा.

भट्टी

६०० °से. पर्यंत मिनिटाला १ ते २ अंशांनी जा आणि तिथे एक तास थांबा, म्हणजे बाइंडर पेलेट न फोडता जळून जाईल. पुढे मिनिटाला ५ अंशांनी १३०० °से. गाठा, २ ते ४ तास ठेवा आणि मिनिटाला ३ अंशांनी उतरवा. अ‍ॅल्युमिनाच्या फरशीवर पेलेट थेट ठेवली तर ती तिच्याशी अभिक्रिया करून चिकटते. खाली त्याच बेरियम टायटॅनेटच्या पावडरीचा थर पसरा. पेलेट निळसर-करडी निघाली तर तिला ऑक्सिजन कमी पडला आहे, १००० °से. ला हवेत पुन्हा काही तास ठेवा.

५५ वरून ९५ टक्क्यांवर पोचलेली पेलेट सुमारे १७ टक्के आकसते, म्हणजे १० मिमीची ८.३ मिमी होते. व्यास ९ मिमीच राहिला असेल तर घनता मोजण्यात वेळ घालवू नका.

मोजणं

आर्किमिडीज पद्धतीने तीन वजनं लागतात: कोरडं, पाण्यात टांगलेलं आणि पाणी प्यायलेलं. पेलेट तासभर पाण्यात उकळा आणि त्याच पाण्यात थंड होऊ द्या. टांगलेलं वजन घेतल्यावर ओल्या कापडाने पृष्ठभाग टिपून भिजलेलं वजन घ्या. समजा आकडे अनुक्रमे ०.४८००, ०.३९७८ आणि ०.४८१५ ग्रॅम आले. भिजलेल्यातून टांगलेलं वजा करा: ०.०८३७. कोरड्या वजनाला पाण्याच्या २५ °से. च्या घनतेने, ०.९९७ ने, गुणून त्याने भागा. उत्तर ५.७२, म्हणजे ९५ टक्के. उघडी सच्छिद्रता ०.००१५ भागिले ०.०८३७, सुमारे १.८ टक्के.

एवढ्या लहान नमुन्यात एका मिलिग्रॅमची चूक घनता एका टक्क्याहून जास्त हलवते. तारेला चिकटलेला एक बुडबुडाही तेवढी चूक करतो. पाण्यात साबणाचा एक थेंब टाका आणि टांगलेलं वजन तीनदा घ्या.

घनता ९५ च्या वर स्थिर झाली की मग तापमान आणि वेळ बदलून बघण्यात अर्थ आहे, तेही एका वेळी एकच. फक्त घनतेचा पाठलाग करू नका, कणांचा आकारही बघा. खोलीच्या तापमानाला परावैद्युतांक (पदार्थ विद्युतभार साठवायला किती मदत करतो तो आकडा) सर्वाधिक, ५००० च्या आसपास, मिळतो तो कण सुमारे एक मायक्रॉनचे असताना. जास्त वेळ तापवून कण दहापट मोठे केले की तो घसरतो. चांदीचा लेप ५०० ते ६०० °से. ला पक्का करून धारकता मोजा. ८.३ मिमी व्यासाच्या, दीड मिमीपर्यंत घासलेल्या पेलेटवर ६४० पिकोफॅरड म्हणजे परावैद्युतांक साधारण २०००. तापवत नेल्यावर १२० ते १३० °से. मध्ये परावैद्युतांकाचं टोकदार शिखर यायला हवं. ते पसरट आलं किंवा बरंच खाली सरकलं तर मुशीतून, गोळ्यांतून किंवा कच्च्या मालातून आलेल्या अशुद्धीचा शोध घ्या.