‘शम्मा’पाशी अडकलो तेव्हा

हिब्रू शिकायला लागून चारच महिने झाले होते, आणि मी मोठ्या तोऱ्यात बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकाचा 25वा अध्याय उघडला. 11वं वचन: हा सगळा देश ‘खोर्बा’, म्हणजे उजाड, आणि ‘शम्मा’, म्हणजे ओसाड, होईल, ही राष्ट्रं 70 वर्षं बाबेलच्या राजाची चाकरी करतील. माझ्याकडची प्रत स्वरचिन्हांविना छापलेली. ‘शम्मा’च्या जागी नुसती चार अक्षरं: लामेद, शीन, मेम, हे. मी बेधडक ‘लिश्माह’ वाचलं, म्हणजे ‘तिच्या नावासाठी’. देश उद्ध्वस्त होणार, तोही कुणाच्या नावासाठी? अख्खी संध्याकाळ त्यात गेली. खरं वाचन ‘लेशम्मा’: ‘शम्मा’ला ‘ले’ हा उपसर्ग. सुरुवातीला स्वरचिन्हांची प्रतच घ्या, फुशारकी नंतर.

मग कोशात ‘शम्मा’ सापडेना. जुने कोश धातूवार लावलेले असतात, आणि इथला धातू शीन-मेम-मेम. दुसरा मेम पहिल्याच्या पोटातल्या ठिपक्यात, दागेशात, दडलेला. तो ठिपका म्हणजे माशी बसली असावी असं समजून मी सोडून द्यायचो!

या धातूला दोन अंगं आहेत: जागा ओस पडणं आणि ती बघून माणूस हबकणं. यिर्मया 19:8 मध्ये दोन्ही एकत्र येतात. नगर ‘शम्मा’ होईल आणि जवळून जाणारा प्रत्येक जण ‘यिश्शोम’, म्हणजे सुन्न होईल, वर शीळही घालेल. ‘ओसाड’ म्हटलं की बघणारा माणूस हरवतो. मी वहीत ‘भयाण’ लिहिलं. भयाण जागाही असते आणि ते वाटतंही.

हद्दपारीच्या वचनांत भेटणाऱ्या ‘गाला’ या क्रियापदाबाबत मात्र जपून. त्याचा अर्थ देशोधडीला लागणं, तसाच उघडं करणंही. नवखी मंडळी लगेच सांगत सुटतात की हद्दपारी म्हणजे उघडं पडणं. दर ठिकाणी असं जोडू नका; कित्येक ठिकाणी ते निव्वळ हद्दपार होणंच असतं. विलापगीत 4:22 ची गोष्ट वेगळी. तिथे कवीच खेळतो: सियोनकन्येला, म्हणजे यरुशलेमला, देव पुन्हा हद्दपार करणार नाही, अदोमकन्येची, म्हणजे शेजारच्या अदोम राष्ट्राची, पापं मात्र उघडी करील. दोन्हीकडे धातू एकच.

‘खोर्बा’ आणि ‘खेरेव’, म्हणजे तलवार, यांची अक्षरं सारखी दिसतात म्हणून मीही एकदा घसरलो होतो. ‘खोर्बा’चं नातं कोरडं पडण्याशी.

सध्या 2 इतिहास 36:21 वर आहे. 70 वर्षं भरेपर्यंत ओस जमीन शब्बाथ, म्हणजे विसावा, पाळते, आणि ‘शम्मा’चा धातू तिथे ‘होशम्मा’ होऊन येतो. हा क्रियापदाचा होफल नावाचा प्रकार; त्याचा तक्ता अजून पाठ व्हायचाय.